अंगठा देण्याआधी विचारा



वनहक्क दाव्यांची माहिती नेहमीप्रमाणे आतल्या पानांवर आहे. संपादकीय मात्र या खेपेला वेगळ्या विषयावर लिहितो आहोत. गेल्या दोन-तीन बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून आला. वाडीवर माणसं आली आणि म्हणाली, "रोगावरच्या नव्या औषधाची चाचणी आहे, तपासणी फुकट आहे, इथं अंगठा द्या," तर द्यायचा का नाही? जाणती माणसं म्हणाली, "अंगठा दिला की जमीन जाते, एवढं आम्हाला ठावं हाय." तरुण पोरं म्हणाली, "औषधच निघालं नाही तर तापानं मरायचं का?" दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

आम्ही डॉक्टर नाही. बारावीपर्यंत शिकलेली, संघटनेचं काम करणारी पोरं-पोरी आहोत. पण जमिनीचा कायदा आम्ही वाचून वाचूनच शिकलो, आणि हाही विषय तसाच वाचून, विचारून मांडतो आहोत.

चाचणी म्हणजे काय?

नाचणीचं नवं बी कोणी आणून दिलं तर आपण सगळं वावर एकदम त्या बियानं पेरत नाही. अर्ध्यात जुनं टाकतो, अर्ध्यात नवं. माती तीच, पाऊस तोच. मग कापणीला बघतो कुठलं जास्त उतरलं. औषधाच्या चाचणीचं मूळ एवढंच आहे. एका गटाला नवं औषध देतात, दुसऱ्या गटाला आधीपासून चालत आलेलं. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. पुष्कळदा कोणाला कुठलं औषध मिळालं हे रोग्यालाही सांगत नाहीत आणि देणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नसतं. मन दोन्हीकडं झुकू नये म्हणून तसं करतात.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. दवाखान्यात डॉक्टर औषध देतो ते तुम्हाला बरं करायला. चाचणीत औषध देतात ते, औषध कामाचं आहे का हे कळावं म्हणून. तुम्हाला गुण येईलही, येणार नाहीही. त्रासही होऊ शकतो. म्हणजे चाचणीतला माणूस दुसऱ्यांसाठी थोडा धोका पत्करत असतो. त्यामुळं त्याला आधी विचारलं पाहिजे, सगळं सांगितलं पाहिजे, आणि काही बरंवाईट झालं तर त्याला वाऱ्यावर सोडता कामा नये.

सरसकट नको म्हणणंही आपल्या तोट्याचं

चाचण्यांतून गरिबाला काय मिळालं तेही बघा. एके काळी क्षयरोग झाला की माणसाला घरदार सोडून सॅनेटोरियममध्ये जावं लागायचं. आपल्याकडं मिरजेजवळ वानलेसवाडीला असं सॅनेटोरियम होतं. पैसा आणि खाट असेल त्यालाच ते जमायचं. बाकीचे घरातच खोकत मरायचे. 1956 साली मद्रासमध्ये एक चाचणी सुरू झाली. सुमारे 200 गरीब रोगी घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच, त्यांच्याच अपुऱ्या खाण्यावर, वर्षभर गोळ्या दिल्या. 1959 साली निकाल छापून आला. घरी राहून गोळ्या घेतलेलेही जवळजवळ तेवढेच बरे झाले होते. घरच्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नव्हतं. आज आपल्या वाडीवर क्षयाच्या गोळ्या घरी मिळतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

दुसरं आपल्या डोंगराचंच घ्या. दोडामार्गाकडं 2016 साली माकडताप आला. काजूच्या बागेत, जंगलात जाणाऱ्यांना गोचिडीतून तो होतो. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, पण त्या विषाणूला मारणारं औषध आजही नाही. तिकडं वर्षानुवर्षं टोचलेली लस पुरेशी उपयोगी पडत नाही असं दिसल्यावर ती थांबवावी लागली. उद्या या तापावर औषध किंवा नवी लस निघायची असेल, तर तिची परीक्षा मुंबईच्या बंगल्यात होणार नाही. ती जंगलात फिरणाऱ्या आपल्यासारख्या माणसांतच होणार. म्हणजे चाचणी हवीच, फक्त ती कशी होते ते आपण बघायचं.

गडचिरोलीत काय झालं

हे बघायला आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 1980 नंतरच्या दशकात लहान पोरांच्या न्यूमोनियावर काम केलं. न्यूमोनियानं पोरं जात होती आणि दवाखाना लांब होता. गावातल्याच दाया, आरोग्यदूत आणि कर्मचारी यांना पोराचे श्वास मोजायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे औषध द्यायला शिकवलं. पुष्कळ दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी असलेलं एक साधन तयार केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं की न्यूमोनिया.

58 गावांत हे केलं. 44 गावं तुलनेसाठी ठेवली, तिथं सरकारी सेवा जशी होती तशीच राहिली. निकाल 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या गावांत उपचार सुरू झाले तिथं न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते. उपचार मिळालेल्या पोरांत शंभरात एकाहून कमी दगावलं, तुलनेच्या भागात आजारी पोरांपैकी शंभरात तेरा-चौदा.

पुढं त्यांनी नवजात बाळांवर काम केलं. 39 गावांत थोडं शिकलेल्या बायकांना घरोघर जाऊन बाळाची काळजी घ्यायला, आणि बाळाच्या अंगात जंतुदोष पसरला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. 47 गावं तुलनेला होती. 1999 साली निकाल आला. नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. पाचवी ते दहावी शिकलेली बाई इंजेक्शन देऊ शकते, हे शहरातल्या बऱ्याच डॉक्टरांना पटत नव्हतं. ते आकड्यांनी पटवलं. 2011 साली सरकारनं बाळाची घरोघर काळजी घेण्याचं काम देशभर आशाताईंकडं दिलं. आपल्या वाडीवर बाळंतिणीच्या घरी आशाताई वजनकाटा घेऊन येते, ती वाट गडचिरोलीच्या त्या चाचणीतून आली आहे.

पण इथंही एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो विचारायला आपण लाजू नये. तुलनेच्या गावांतल्या पोरांचं काय? चाचणी सुरू होताना उपाय कामाचा आहे का हे नक्की ठाऊक नव्हतं, हे मान्य. म्हणूनच तर तुलना करावी लागली. पण एकदा कळल्यावर पहिला हक्क त्या तुलनेच्या गावांचा असला पाहिजे. त्यांनी वाट पाहिली म्हणून जगाला उत्तर मिळालं. कुठलीही चाचणी आपल्याकडं आली तर हा करार आधी व्हायला हवा: उपाय लागू पडला तर तो आमच्या गावांना कधी आणि कसा मिळणार?

खम्मममध्ये काय झालं

आता दुसरी बाजू. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना एचपीव्ही नावाच्या विषाणूविरुद्धची लस टोचली. हा विषाणू पुढं गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारण होतो. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यात होती. खम्मममधल्या पुष्कळ मुली आदिवासी, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या.

सात मुलींचे मृत्यू झाल्यावर ओरड झाली आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबवलं. चौकशीत हे मृत्यू लशीमुळं झाल्याचं दिसलं नाही. कोणी पाण्यात बुडाली होती, कोणाला साप चावला होता. हे आम्ही मुद्दाम लिहितो. लशीला उगाच बदनाम करायचं नाही. ही लस जगभर वापरतात आणि ती उपयोगाची आहे.

पण मुलींना आणि आईबापांना विचारलं होतं का? संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ऑगस्ट 2013 मध्ये अहवाल दिला, त्यातले आकडे बघा. आंध्रातल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 वर नुसते अंगठे होते आणि 2,763 वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. पोरगी आपली, अंग तिचं, आणि सही वॉर्डनची! शिवाय या सगळ्याला 'चाचणी' म्हटलंच नव्हतं. 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असं गोड नाव होतं. चाचणी म्हटलं असतं तर चाचणीचे नियम लागले असते, विमा लागला असता, त्रास झाला का यावर नीट लक्ष ठेवावं लागलं असतं.

साथींनो, ही रीत आपल्या ओळखीची आहे ना? जमिनीच्या कागदावरही नाव एक असतं आणि आत मजकूर दुसराच असतो.

गडचिरोलीत गावातलीच माणसं शिकून उपचार करणारी झाली आणि रोगही गावाला भेडसावणारा होता. खम्मममध्ये मुली नुसत्या दंड पुढं करणाऱ्या होत्या. औषध चांगलं होतं का वाईट, हा प्रश्न वेगळा. माणसाला माणूस धरलं का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

जमीन गावाची, अंग ज्याचं त्याचं

2006 च्या वनहक्क कायद्यानं आपल्याला ग्रामसभेची ताकद कळली. 2013 साली ओडिशात नियमगिरीच्या 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला 'नाही' म्हटलं आणि ते 'नाही' टिकलं. तेव्हा काहींना वाटतं की औषधाच्या चाचणीचंही ग्रामसभेनं ठरवलं की संपलं. इथं मात्र फरक आहे.

जंगल सामायिक आहे, म्हणून त्याचा निर्णय गावाचा. अंग सामायिक नाही. म्हणून इथं दोन दारं आहेत. पहिलं दार गावाचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 2017 साली संशोधनाची जी नीतितत्त्वं छापली, त्यांत आदिवासींबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. संशोधन आदिवासींच्या फायद्याचं असेल तरच करावं, जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विभागासारख्या अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, वडीलधाऱ्यांशी आणि बोली जाणणाऱ्यांशी बोलून, साक्षीदारासमोर संमती घ्यावी. दुसरं दार एकेका माणसाचं. गावानं 'हो' म्हटलं तरी एखादी बाई 'मला नको' म्हणू शकते, आणि तिच्या नवऱ्याची, सासऱ्याची किंवा सरपंचाची सही तिच्या सहीच्या जागी चालत नाही.

मोकळेपणानं 'नाही' म्हणता येत नसेल तर त्या 'हो'ला किंमत नाही. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचून घेतली, हे मोठंच धाडस. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली. कैदी आपणहून पुढं आले अशी नोंद आहे. पण तुरुंगातला माणूस साहेबाला 'नाही' म्हणायला किती मोकळा असतो?

हाच प्रश्न आपल्या ऊसतोड टोळ्यांचा आहे. गाळप हंगामात बिद्री परिसरात कोप्या पडतात. डोंगरावरून, परजिल्ह्यातून जोडपी येतात. अंगावर मुकादमाची उचल असते. अशा वेळी मुकादम म्हणाला, "सगळ्यांनी अंगठे द्या," तर कोण मागं हटणार? म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. मुकादमाला टोळीच्या वतीनं संमती देता येत नाही. गुरुजींना आश्रमशाळेतल्या पोरांच्या वतीनं देता येत नाही. लहान पोराची संमती आईबापांनी द्यायची, आणि सात वर्षांवरच्या पोरालाही त्याला कळेल असं सांगून त्याचं मत घ्यायचं, असा नियम आहे.

कायदा काय देतो

2019 साली नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांचे नियम आले. त्यातलं आपल्या कामाचं एवढं पाठ करा.

चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. तिच्यात किमान सात माणसं, त्यांत एक साधा नागरिक आणि एक बाई असावी लागते. माहितीचा कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवा आणि त्याची प्रत तुमच्याकडं राहायला हवी. वाचता येत नसेल तर सगळं समजावून सांगताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एक तटस्थ साक्षीदार हजर पाहिजे, नुसता सहीपुरता नव्हे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळं तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. चाचणीमुळं इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, मृत्यू झाला तर वारसांना भरपाई मिळते. शिवाय 2009 पासून प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत व्हावीच लागते, आणि ती कोणालाही बघता येते.

आलेल्यांना हे विचारा

1. ही चाचणी आहे का उपचार? सरकारी नोंदीचा नंबर काय?
2. रोग कुठला, आणि तो आमच्याकडं आहे का?
3. यावर आधीचं औषध आहे का? असेल तर दुसऱ्या गटाला ते मिळणार का?
4. त्रास काय काय होऊ शकतो? किती वेळा यायचं, किती रक्त घेणार, ते रक्त कुठं जाणार?
5. रात्री ताप चढला तर फोन कोणाला करायचा? गाडी कोण देणार? बुडालेली मजुरी कोण देणार?
6. पैसा कोणाचा आहे? विमा आहे का?
7. 'नाही' म्हटलं तर आमचं रेशन, दाखला, दवाखाना यांवर काही परिणाम होणार का?
8. निकाल आम्हाला येऊन सांगणार का? औषध लागू पडलं तर आमच्या गावाला ते मिळणार का?

उत्तरं कागदावर मागा. "तुम्हाला नाही कळायचं," असं कोणी म्हणालं तर समजा की तिथं अंगठा द्यायचा नाही. ज्याला समजावून सांगता येत नाही त्याला संमती मागायचाही हक्क नाही. घाई करत असेल तर सांगा, उद्या या. घरात बोलायला एक रात्र लागतेच.

आणि हे सगळं वाचून कोणी नेहमीचं लसीकरण, क्षयाच्या गोळ्या किंवा हिवतापाची रक्ततपासणी नाकारू नये. ती चाचणी नाही. ती सेवा आहे आणि आपला हक्क आहे. आशाताईला दारातून परत पाठवणं म्हणजे आपल्याच पोराचं नुकसान.

ठराव करूया

येत्या ग्रामसभेत वनहक्काच्या विषयांबरोबर हा एक ठराव घ्यावा अशी विनंती आहे: "आमच्या हद्दीत औषध, लस किंवा रक्त-नमुन्यांचं कोणतंही संशोधन करायचं असल्यास त्याची माहिती आधी ग्रामसभेत मराठीत आणि बोलीत द्यावी, कागदपत्रांची प्रत ग्रामसभेकडं ठेवावी, आणि त्यानंतर प्रत्येक व्यक्तीची संमती स्वतंत्र घ्यावी. ग्रामसभेची माहिती घेणं ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेणार नाही." ठरावाची प्रत प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि तहसील कार्यालयाला द्या, पोच घ्या. ज्यांची पोरं आश्रमशाळेत आहेत त्यांनी शाळेला लेखी कळवावं, की आम्हाला विचारल्याशिवाय आमच्या पोराच्या अंगावर कुठलाही प्रयोग होऊ नये.

आपले आजे-पणजे लिहिता येत नव्हतं म्हणून अंगठा देत होते. कागदात काय आहे ते त्यांना कोणी सांगितलं नाही. आज आपल्यात वाचणारी पोरं-पोरी आहेत. वाडीवर कोणी कागद घेऊन आलं की त्यांना बोलवा, कागद मोठ्यानं वाचून घ्या, मग ठरवा. 'हो' म्हणायचं तर समजून म्हणा, आणि 'नाही' म्हणायचं तर न घाबरता म्हणा.

जंगल आमचं, जमीन आमची, अंगही आमचंच!

जोहार. जिंदाबाद.